एकशेदहावर काटा

धाकटीची डावी भुवई जळाली आणि त्याच क्षणी मागचं फाटक ढकलून तो आत आला. म्हणजे त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते असं – एका हातात चिमटा, दुसरा हात कपाळावर, गालाला काजळी आणि अर्धी भुवई गायब. समोर नवी कोरी धुरीपेटी होती, माणसाच्या खांद्याएवढी उंच, गॅसवर चालणारी. तिचं दार सताड उघडं होतं आणि आत लाकडाच्या ढलप्यांची ताटली भडाभडा पेटली होती.

तो हसला नाही. आधी पेटीकडे बघितलं, मग भुवईकडे, मग परत पेटीकडे. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, सिलिंडरची चावी बंद केली आणि बुटाच्या टोकाने दार लोटून दिलं.

"दार उघडलं की आत हवा जाते," तो म्हणाला. "हवा मिळाली की ढलप्या धुमसायचं सोडून पेटतात. आणि भुवई... ती येते परत."

"तुम्ही कोण?"

"गॅसवाला. तुमचा नेहमीचा माणूस रजेवर आहे. चार आठवडे मी."

चार आठवडे. तिच्या हातात तरी कुठे त्याहून जास्त होते?

धुरी दिलेल्या मांसाचं ते दुकान गल्लीच्या टोकाला होतं. पुढे काउंटर, मागे अंगण, वर दोन खोल्या. काउंटर आत्या सांभाळायची आणि अंगणातली विटांची भट्टी बाबा. पस्तीस वर्षं त्यांनी ती भट्टी लाकडावर चालवली, आणि पस्तीस वर्षांचा धूर त्यांच्या छातीत जाऊन बसला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता धुराजवळ उभं राहायचं नाही. तेव्हापासून बाबा वरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे, शेजारी वाफ घ्यायचं यंत्र. थोरली लग्न करून लांब गेलेली. उरली धाकटी. घरात, बाजारात, गिऱ्हाइकांत सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि आणखी एक गोष्ट म्हणत – पोरगी कष्टाळू आहे हो, पण हाताला चव नाही.

हे ती नऊ वर्षं ऐकत आली होती. बाबांचं मांस सुरी लावायच्या आत सुटायचं. तिचं मांस बाहेरून काळं आणि आतून भुशासारखं. लाकूड तेच, मीठमसाला तोच, भट्टीही तीच. मग दोष हाताचाच, दुसरा कशाचा? धाकटीने तो कधीच पदरात घेतला होता. दुकान मात्र तिला सोडवत नव्हतं. पहाटेचा तो कडवट गोड वास आला नाही तर दिवस उजाडलाय असं तिला वाटायचंच नाही.

बाबांनी शेजारच्या बेकरीवाल्याला जागा द्यायचा शब्द दिला होता, महिनाअखेरीचा. धाकटी रडली नाही, भांडली नाही, गपचूप जाऊन गॅसची पेटी घेऊन आली. तिच्यात धूर थोडा, लाकूड ओंजळभर. बाबा खिडकीतून पेटीकडे बघत म्हणाले, "मांसाचा एक खांदा नीट काढून दाखव. मी शब्द परत घेईन." त्यांच्या बोलण्यात आशा नव्हती, हे तिलाही कळलं होतं.

गॅसवाल्याने पेटी तपासली. दोष सरळ होता. बटण अगदी बारीक केलं तरी आच मोठीच राहायची. त्याने रेग्युलेटर आणि बर्नर यांच्यामध्ये एक छोटा पितळी व्हॉल्व्ह बसवला, सुईच्या टोकाने गॅस अडवणारा. तळाच्या भांड्यात पाणी ओतलं, वरचं धुराडं पूर्ण उघडं ठेवलं, वाऱ्याच्या बाजूला पत्रा टेकवला. व्हॉल्व्ह केसभर फिरवून तो मागे सरला.

"आता पंधरा मिनिटं हात लावायचा नाही."

धाकटीचा हात तोवर व्हॉल्व्हपाशी पोचलासुद्धा होता. लाकडाच्या भट्टीची सवय – ओंडका सरकव, झाकण उचल, निखारा ओढ, एक क्षण उसंत नाही.

"ही तशी नाही," तो म्हणाला. "हिला सांगितलेलं उशिरा कळतं. तुम्ही घाई केलीत की ती आधी ऐकत नाही, आणि मग एकदम जास्तच ऐकते." त्याने एक रिकामा क्रेट उलटा केला. "बसा."

"मला कामं आहेत."

"हेच काम आहे. बसणं."

नऊ वर्षांत ती त्या अंगणात बसली नव्हती. बसल्यावर तिला दिसलं की समोरच्या भिंतीवर दुपारचं ऊन तिरपं येतं आणि पत्र्याची सावली हळूहळू नळापर्यंत सरकते. शेजारच्या क्रेटवर एक माणूस बसलाय, त्याच्या हाताला तेलाचा वास आहे आणि तो घड्याळाकडे बघता बघता मध्येच आपल्याकडे बघतो, हेही दिसलं. ती पटकन व्हॉल्व्हकडे बघायला लागली.

पुढच्या आठवड्यात तो तीनदा आला. एकदा नळी तपासायला, एकदा नळी बदलायला, आणि एकदा बदललेली नळी नीट आहे ना हे बघायला. दर वेळी केसभर फिरवणं आणि पंधरा मिनिटं बसणं. पंधरा मिनिटांत काय बोलून होतं? फारसं काही नाही. पण अशी पंधरा-पंधरा मिनिटं जमत गेली की माणसाचं बरंच काही कळतं. त्याला मामाने वाढवलंय, मामा घड्याळं दुरुस्त करायचा, तो गेल्यावर घर म्हणावं असं काही उरलं नाही, आणि महिना संपला की त्याला बंदरावरच्या मोठ्या डेपोत पक्की नोकरी आहे, हे तिला कळलं. तिला आई नाही, तिने कॉलेज अर्धवट सोडलं आणि ती रागावली की भांडी घासते, हे त्याला कळलं.

"मग आज काय झालं?" एकदा त्याने विचारलं.

"काही नाही. का?"

"सगळी पातेली चमकतायत."

ती हसली... आणि हसताना तोंडावर हात धरायचं विसरली. त्याने तेही पाहिलं.

आत्याचं काउंटरवर बसून अंगणात लक्ष असायचंच. एका दुपारी ती म्हणाली, "मला मावशी म्हणतो. समोरच्या शिंपीणबाईला ताई म्हणतो. तुला गं काय म्हणतो?"

"काहीच नाही म्हणत."

"तेच तर मी म्हणतेय," आत्या म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

एवढं सगळं छान, पण मांस मात्र बिघडतच होतं. पहिला खांदा करपला. दुसरा आतून कोरडा ठाक. तिसऱ्याच्या वेळी तिने दिवसभर काट्यावरची नजर हलवली नाही. काटा म्हणजे बाबांचा जुना पितळी काटा, तापमान दाखवणारा. पेटीबरोबर आलेलं मीटर तिने काढून फळीवर टाकलं होतं आणि भट्टीच्या दारावरचा बाबांचा काटा मोठ्या मायेने पेटीच्या दाराला बसवला होता. बाबांनी ती एकोणीस वर्षांची असताना सांगितलं होतं, काटा एकशेदहावर ठेवायचा. तिने नऊ वर्षं तो एकशेदहावर ठेवला होता आणि त्या दिवशीही ठेवला. संध्याकाळी खांदा कापला, तर सुरीखाली भुसा.

ती नळाखाली हात धुवायला गेली आणि धूतच राहिली. साबण संपला तरी घासत राहिली, आधी तळवे, मग बोटं, मग परत तळवे. गॅसवाला फाटकापाशी उभा होता. तो आत आला नाही. बराच वेळ तसाच उभा राहिला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, तोच चेहरा उतरलेला. त्याने एक पातेलंभर पाणी मागितलं आणि ते शेगडीवर चढवलं.

"काटा काढू का दारावरचा?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"बघायचाय."

"तो बाबांचा आहे. चुकणार नाही."

"चुकत नसेल तर बघायला काय हरकत आहे?"

पाणी उकळायला लागलं. त्याने काट्याची दांडी पाण्यात धरली. दोघं वाकून बघत राहिली, वाफ तिच्या चेहऱ्यावर आणि त्याच्या चष्म्यावर. उकळत्या पाण्याचं तापमान किती असतं हे शाळेतलं पोरही सांगेल. काटा सरकला, साठ, सत्तर... पंचाहत्तरवर आला आणि थांबला. पाणी खदखदत होतं आणि काटा पंचाहत्तरवरच उभा होता. त्याने फळीवरचं नवं मीटर पाण्यात धरलं. ते बरोबर शंभरावर गेलं.

"पंचवीस," तो हळूच म्हणाला. "हा पंचवीस कमी दाखवतो. तुम्ही एकशेदहा समजत होता ना... आत एकशेपस्तीस असायचं."

धाकटीला वाटलं आपण आता रागावू, किंवा हसू, किंवा खाली बसू. यातलं काहीच झालं नाही. तिने फडक्याने काटा पुसला, हातात घेतला आणि जिना चढून वर गेली.

बाबा खिडकीपाशी होते. त्यांनी तिच्या हातातला काटा पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला, आणि वाफेचं यंत्र बंद केलं.

"हा चुकीचा आहे, बाबा."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी एक लांब श्वास घेतला, अर्ध्यातच तुटला. मग ते थांबत थांबत बोलले. काटा बिघडला त्याला वीस वर्षं झाली होती. त्यांना स्वतःला त्याची गरजच नव्हती. दाराला तळहात लावला की त्यांना कळायचं. काटा पंच्याऐंशीवर आला की, म्हणजे आत खरे एकशेदहा झाले की, त्यांची भट्टी बरोबर असायची. आणि तिला मात्र त्यांनी एकशेदहा सांगितलं होतं.

"तुझी आई त्या भट्टीपाशी उभी राहून राहून गेली," ते म्हणाले. "रात्ररात्र खोकायची. मी ठरवलं, पोरींना यात घालायचं नाही. थोरली गेली आपली आपण. तू हट्टाला पेटलीस. म्हटलं, जमलं नाही की कंटाळेल, शिकेल, कुठेतरी चांगल्या हवेत जाईल. वर्ष-दोन वर्षांत जाशील असं वाटलं होतं मला."

"मी नाही गेले."

"नाही गेलीस. आणि मग सांगायला तोंड राहिलं नाही."

धाकटी खिडकीच्या चौकटीला टेकली. खाली अंगणात गॅसवाला पातेल्यातलं पाणी ओतून देत होता. तिला एकाएकी फार दमल्यासारखं वाटलं.

"नऊ वर्षं मी माझ्याच हाताला नावं ठेवली, बाबा."

बाबांनी मान खाली घातली. एवढा ताठ माणूस असा वाकलेला तिने कधी पाहिला नव्हता. राग तर तिच्या नाकापर्यंत आला होता. पण त्या वाकलेल्या मानेवर तो काढायचा कसा? तिने त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली आणि रविवारी खांदा लावते एवढंच सांगितलं.

रविवारी गॅसवाल्याला सुट्टी होती. तरीही तो सकाळी सातला फाटकात उभा. दाराला आता नवं मीटर होतं. दोघांनी मिळून पेटी तापवली, एकशेदहावर आणली, खांदा आत ठेवला. वारा सुटला की मीटर चार अंश उतरायचं, धाकटीचा हात वळवळायचा आणि तो नुसता बघायचा तिच्याकडे. ती हात मांडीखाली घेऊन बसायची. पाच मिनिटांत मीटर आपलं आपण वर यायचं. दुपारपर्यंत तर तिने व्हॉल्व्हकडे बघणंही सोडलं. धुराड्यातून निळसर, बारीक धूर निघत होता आणि अंगणात तोच ओळखीचा वास भरला होता. धाकटीला वाटलं, हा दिवस असाच राहावा, मांस कधी तयारच होऊ नये.

"मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. "सांगा ना."

"काट्याचं... मला आधी कळलं होतं. नळी बदलायला आलो तेव्हा माझं मीटर आत लावून पाहिलं, तेव्हाच शंका आली, आणि दुसरा खांदा बिघडला तेव्हा खात्री झाली. मी बोललो नाही." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "वाटलं, दुकान बंद झालं तर तुम्ही मोकळ्या व्हाल. मग मी विचारू शकेन... बंदरावर याल का म्हणून. तिसऱ्या खांद्याच्या दिवशी तुम्हाला नळापाशी बघितलं. त्यानंतर मला गप्प बसवेना."

धुराड्याचं झाकण वाऱ्याने थोडं वाजलं. तिने त्याच्याकडे बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. ज्या माणसाने तिचा हात तिला परत दिला, त्यानेही तो काही दिवस दडवून ठेवला होता तर. आणि तरीही, बंदरावर याल का, हे शब्द कानात शिरून बसले होते ते बसलेच होते.

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "फाटकाबाहेर. मांस निघेपर्यंत मला कुणी जवळ नको."

तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

चार वाजता तिने एकटीने खांदा बाहेर काढला. फळीवर ठेवला, अर्धा तास झाकला. मग सुरी उचलली, आणि ती लावायच्या आत तो सुटला. रस फळीवरून ओघळला. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

जिन्यावर पावलं वाजली. सहा महिन्यांत पहिल्यांदा बाबा खाली आले होते, कठडा धरून, आत्या मागे हात पसरून. ते क्रेटवर बसले. धाकटीने ताटली पुढे केली. त्यांनी पहिला घास बराच वेळ चावला, मग दुसरा घेतला, मग तिसरा.

"तुझ्या हाताला चव आहे," ते म्हणाले. "ती पहिल्यापासून होती. मी ती दडवली. बेकरीवाल्याला मीच सांगतो." थोडं थांबून म्हणाले, "पण माझ्यासाठी राहू नकोस. जायचं असेल तर जा, राहायचं असेल तर राहा. यापुढे मी मध्ये येणार नाही."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. धाकटीने वाकून बाबांचा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि सोडला. मग दुसऱ्या ताटलीत चार तुकडे घालून ती फाटकाबाहेर गेली.

तो अजून पायरीवरच होता. तिने ताटली त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने एक तुकडा खाल्ला आणि खाताना त्याचे डोळे भरून आले.

"सगळ्यांना मला मोकळं करायची घाई," ती म्हणाली. "बाबांनी नऊ वर्षं केली, तुम्ही चार दिवस. तुम्हा दोघांपैकी एकाने तरी मला विचारलं का, की बाई, तुला काय पाहिजे?"

"नाही."

"मग विचारा."

त्याने ताटली बाजूला ठेवली. "काय पाहिजे तुम्हाला?"

हे सांगणं अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. पण शब्द अगदी तयार उभे होते.

"दुकान पाहिजे. आणि तुम्ही पाहिजे. दोन्ही. यातलं एक घे आणि एक सोड, असं मला कुणी सांगायचं नाही."

"बंदरावरची नोकरी..."

"त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही ठरवणार. दुसऱ्याने ठरवलं की काय होतं ते मी भोगलंय." तिचा आवाज खाली आला. "पण विचारते मी. तुम्हाला काय पाहिजे?"

गल्लीत ऊन उतरलं होतं. तो असं बोलला की जणू हा प्रश्न त्यालाही आयुष्यात कुणी पहिल्यांदाच विचारला असावा.

"घर," तो म्हणाला. "तुम्ही असाल तिथं."

धाकटी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. भुईकडे बघत तिने ओठ घट्ट मिटून धरले, पण उपयोग झाला नाही. नऊ वर्षांचं सगळं एकदम आलं आणि ती रडली, भर गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. त्याने तिला गप्प केलं नाही. तिचा उजवा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती रडत होती तोवर धरून ठेवला.